भिंतीपाशी सोडलेली दोन बोटं

रामाजी वाढई मूळचा मौद्याचा. नागपूरकडे सुताराला वाढईच म्हणतात आणि त्याचं आडनावही तेच, त्यामुळे निदान आडनावाच्या बाबतीत तरी तो आयुष्यभर सुतार राहिला. त्याचा बाप बैलगाड्यांची चाकं करायचा. ऊन तापलं की गावातल्या गाड्यांची चाकं सुकून खुळखुळायला लागत, वरची लोखंडी धाव सैल पडे. मग शेतकरी चाकं काढून दोन-दोन दिवस कन्हानच्या पाण्यात बुडवून ठेवत. पाणी पिऊन लाकूड फुगलं की चाक पुन्हा घट्ट. "वैशाखातलं लाकूड वेगळं अन् श्रावणातलं वेगळं," बाप म्हणायचा, "दोघायची सोय पाहून काम करा लागते, गा." हे ऐकत आणि बघत वाढलेल्या माणसाला लाकूड फुगतं हे आणखी कोणी शिकवायची गरज नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सरकारी कागदावर याच्या नेमकं उलटं लिहिलेलं आहे आणि लोक कागदावर विश्वास ठेवतात.

सत्तावन्न साली रामाजी नागपूरला आला आणि एका सरकारी खात्याच्या बांधकाम शाखेत सुतार म्हणून लागला. खातं कोणतं ते सांगून काही उपयोग नाही, सगळी एकाच मुशीतली. नोकरी वर्कचार्जवर. वर्कचार्ज म्हणजे काम आहे तोवर माणूस. दर काही महिन्यांनी कागदावर एक दिवस खंड दाखवायचा, म्हणजे माणूस कधी जुना होतच नाही. रामाजी अकरा वर्षं असा नवाच राहिला. त्रेसष्ट साली टायफॉईडने दीड महिना आडवा झाला, तर हजेरीपटावरचं नावच उडालं. बरा झाल्यावर उन्हात चार-चार तास साहेबाच्या दारात उभा राहिला, तेव्हा ते पुन्हा चढलं. त्या दीड महिन्यात त्याची बायको गोपिका लोकांच्या घरी धुणीभांडी करत होती. तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला होता. नवरा कायम व्हायला पाहिजे. दुसरं काही ती देवाजवळही मागत नसे.

रामाजीचा ध्यास मात्र वेगळा होता. त्याला कायम व्हायचं होतंच, पण त्याहून त्याला आपल्या कामाचा गर्व होता, आणि गरिबाला असा गर्व परवडत नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. लकडगंजच्या आरामशिनींवर त्याच्या शब्दाला वजन होतं. एखादा ओंडका चिरण्याआधी मालक म्हणायचे, जरा रामाजीले दाखवा. तो लाकडावर नुसता तळवा फिरवायचा आणि सांगायचा, हे अजून ओलं आहे, एक उन्हाळा ठेवा.

अडुसष्ट साली सिव्हिल लाइन्समध्ये अधिकाऱ्यांच्या एका क्लबासाठी बॅडमिंटनचा हॉल बांधायला घेतला. जमीन लाकडाची, सागवान आलापल्लीचं. शाखेत असं काम आधी कोणी केलेलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी रामाजीकडे बोट दाखवलं. वर ओव्हरसियर श्रीधर, नुकताच पॉलिटेक्निक करून आलेला, भंडाऱ्याकडचा, हुशार आणि स्वभावाने चांगला. आपल्याला सगळं येतं असं तो दाखवत नसे, आणि ओव्हरसियरमध्ये हा गुण दुर्मिळ.

मार्च ते मे काम चाललं. चार-चार इंचांच्या फळ्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत. दोन फळ्यांमध्ये रामाजी पोस्टकार्डाच्या जाडीची जागा ठेवायचा आणि चारही भिंतींपाशी सरळ दोन बोटं रुंद फट.

"एवढी फट काहून सोडली, रामाजी?" श्रीधरने विचारलं.

"साहेब, आत्ता हे लाकूड तापून पापडावानी झालं आहे. आषाढात पाणी ओढून हेच फुगन. चौतीस फुटाची रुंदी आहे. शंभर फळ्या एकेक केस जरी वाढल्या, तरी जागा कुठून आणाल? भिंत काही सरकत नाही. मंग लाकूड वरतेच उठते."

"आणि फट दिसन त्याचं काय?"

"वरून पट्टी बसते ना. पट्टी भिंतीले ठोकायची, फळीले नाही. खालून फळी पाहिजे तशी सरकू द्यायची."

श्रीधर उकिडवा बसून ते सगळं बघत राहिला. दोन दिवसांनी त्याने स्वतःच दोन बोटं लावून फट मोजली आणि रामाजीकडे पाहून हसला. रामाजीला तो पोरगा आवडायला लागला.

गोची झाली ती पट्टीची. जमिनीचं लाकूड एका मंजुरीत आलं होतं, पट्टीचं लाकूड दुसऱ्या. पट्टीची फाइल कुठेतरी एका टेबलावर पडली होती आणि त्या टेबलाचा बाबू लग्नसराईसाठी गावी गेला होता. इकडे उद्घाटनाची तारीख ठरली सव्वीस मे. म्हणजे ऐन नवतपा. नागपुरात या नऊ दिवसांत कावळासुद्धा झाडाबाहेर पडत नाही, पण मुंबईहून मंत्री यायचे होते आणि मोठ्या साहेबांची बढती त्यांच्या हातात होती.

चोवीस तारखेला मोठे साहेब हॉल बघायला आले. पुण्याकडचे गृहस्थ, तीन वर्षं नागपुरात काढूनही इथल्या उन्हावर रागावलेले. आरशासारखी जमीन पाहून खूश झाले, भिंतीपाशी गेले आणि थांबले.

"हे काय? कामाला माप नव्हतं का? फळ्या कमी पडल्या?"

रामाजीने सांगितलं. श्रीधरनेही एक-दोन वाक्यांत सांगायचा प्रयत्न केला.

"पट्टी येईल तेव्हा येईल. परवा मंत्री येणार, त्यांना मी भिंतीभोवती गटार दाखवू? बुजवून टाका."

"काथ्या भरतो साहेब, वरून मेणाचा हात मारतो," रामाजी म्हणाला. "दबणारी वस्तू पाहिजे. लाकूड फुगलं तर काथ्या दबन."

"खाटेचा काथ्या? क्लबात?" साहेब हसले, आणि मागचे चार जण हसले. "लाकूड भरा. लाकडात लाकूड. सुतार आहात ना?" जाताना ते श्रीधरला म्हणाले, "याचं कायमचं प्रकरण माझ्याकडेच आहे ना? बघू, कसं काम करतो."

हे ते मुद्दाम म्हणाले की सहज, देव जाणे. रामाजीला जे ऐकायचं ते ऐकू आलं.

त्याने मनाशी हिशोब केला. मृग लागायला पंधरा दिवस, हवेत खरी ओल यायला आणखी आठ. उद्घाटन झालं की दुसऱ्या दिवशी फटीत भरलेल्या पट्ट्या उपसून काढू, कोणाला पत्ता लागणार नाही. श्रीधरलाही ते पटलं. आता इथे दुसरा कोणी असता तर त्याने ओबडधोबड पाचरा ठोकल्या असत्या, परवा काढायच्याच तर आहेत. पण रामाजीचा हात वाईट कामासाठी बनलेलाच नव्हता. दोन दिवस तो भिंतीला खेटून बसला. फळ्यांच्या रेषा जुळवून, रंग निवडून, एकेक पट्टी रंध्याने उतरवून त्याने अशी बसवली की सुई शिरू नये. वरून रंधा, वरून पॉलिश. काम संपल्यावर तो उभा राहिला आणि त्याला स्वतःलाच पट्टी कुठे सुरू होते ते दिसेना. त्याला फार आनंद झाला. त्या आनंदाचा त्याला पुढे जन्मभर राग येत राहिला.

उद्घाटन झालं. मंत्र्यांनी एक फूल उडवलं, ते जाळ्यात अडकलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सत्तावीसला रामाजी पटाशी घेऊन हजर, तर हॉलला कुलूप. किल्ली क्लबाच्या सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी म्हणाले, खात्याची चिठ्ठी आणा. चिठ्ठी मोठे साहेब देणार, आणि मोठे साहेब रजेवर पुण्याला. श्रीधर रोज म्हणायचा, आज येतील. बारा जूनला ते आले. श्रीधर रामाजीला घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला.

साहेबांनी स्वतः हॉलमध्ये येऊन पाहिलं. वाकून भिंतीपाशी बोट फिरवलं. "कुठे आहे पट्टी? मला तर दिसतही नाही. एवढं सुंदर काम झालंय आणि तुम्ही ते उकरून काढायला निघालात? लोक मला वेड्यात काढतील."

"साहेब, हे उठन," रामाजी म्हणाला. "पाया पडतो. मले एक दिवस द्या."

"काही उठत नाही. आलापल्लीचा साग आहे हा, आंबा नाही."

श्रीधर साहेबांच्या मागोमाग बाहेर पडला. त्याचंही प्रोबेशन चालू होतं.

मग जून सरला. रामाजी दिवसातून एकदा तरी काही निमित्त काढून क्लबावरून जायचा आणि खिडकीतून आत बघायचा. घरी जेवताना मध्येच हात थांबायचा. गोपिका म्हणायची, "काहून असे करून राहिले जी? साहेबानंच भरा म्हटलं होतं ना? मंग साहेब पाहीन." जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याला खिडकीतून दिसलं की फळ्यांमधल्या पोस्टकार्डाएवढ्या रेषा मिटल्या आहेत. त्या दिवशी त्याने श्रीधरला सांगितलं, आता आठवडा. श्रीधर म्हणाला, "मी काय करू, तूच सांग."

सतरा जुलैला संध्याकाळी खेळ चालू असताना बंदुकीसारखा आवाज झाला. हॉलच्या मधोमध जमीन म्हशीच्या पाठीसारखी वर आली, वीतभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका न्यायाधीशांचा पाय अडकून ते पडले आणि मनगट मोडलं. सामान्य माणसाचं मोडलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

चौकशी लागली.

मोठ्या साहेबांनी कळवलं की फट बुजवायचा कोणताही लेखी आदेश त्यांनी दिलेला नाही. ते खरंच होतं. साहेब लोक हसून सांगतात, लिहून देत नाहीत. श्रीधरला बोलावून तासभर आत बसवलं. बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तिसऱ्या दिवशी तो रामाजीच्या खोलीवर आला, हातात एक टाइप केलेला कागद.

"रामाजी, ऐक. दोनच रस्ते आहेत. तू म्हटलं की मले ठाऊक होतं, तर ते विचारतीन, ठाऊक होतं तर बुजवली कशाले? मंग ते जाणूनबुजून केलेलं नुकसान होते. पोलिसाचं काम. अन् तू म्हटलं की मले ठाऊकच नव्हतं, तर ते अडाणीपण होते. अडाणीपणाले माफी आहे. साहेब म्हणाले, मग तुझं कायमचं प्रकरण अडणार नाही."

"साहेबानंच तर सांगितलं होतं बुजवाले. तुमच्यासमोर."

श्रीधर जमिनीकडे पाहत राहिला. "माझं लग्न ठरलं आहे," तो म्हणाला. त्याचा या गोष्टीशी काय संबंध हे त्याला सांगता आलं नाही आणि रामाजीने विचारलं नाही.

"काय लिहिलं आहे त्याच्यात?"

श्रीधरने वाचून दाखवलं. 'लाकडाचे प्रसरण व आकुंचन याबाबत मला ज्ञान नव्हते. सदर फट मी माझ्या अज्ञानामुळे बुजविली.'

रामाजीने कागद हातात घेऊन परत केला. मग म्हणाला, "असं लिहा की मी बिमार होतो. असं लिहा की मी दारू पिऊन होतो. पण हे नका लिहू."

"दारूवर तर आजच घरी पाठवतीन, गा."

चुलीजवळ बसलेली गोपिका उठून आली. "एवढा एक शब्द म्हणा ना जी," ती म्हणाली. "कागदावरच्या शब्दानं का होते? तुम्हाले येते ते तर येतेच ना? ते कोणी काढून घेते काय?" तिच्या हातांच्या चामडीला अजून त्या दीड महिन्याच्या धुण्याभांड्यांच्या भेगा होत्या. तिला दोष देण्यात अर्थ नाही. ती जे बोलली ते कोणत्याही शहाण्या बाईने म्हटलं असतं.

रामाजीला सही येत होती, तीन अक्षरांची. ती करताना त्याने पेन इतकं दाबलं की कागद फाटला आणि श्रीधरला कार्बनची प्रत पुढे करावी लागली.

अडाणीपणाला खरंच माफी मिळाली. सत्तर साली रामाजी कायम झाला. साहेबांनी शब्द पाळला म्हणायला हरकत नाही. फक्त आदेशात एक ओळ होती. लाकूडकामाचे ज्ञान नसल्याचे सदर कामगाराने स्वतः लेखी दिले असल्याने त्यास सुतार या पदावर घेता येत नाही, सबब चौकीदार या पदावर सामावून घेण्यात येत आहे. आणि नेमणूक त्याच क्लबावर. फळ्या तोवर उपसून लिलावात गेल्या होत्या, जमिनीवर सिमेंट झालं होतं. हॉलच्या दारात एक लोखंडी खुर्ची, तीवर खाकी कपड्यातला रामाजी.

गोपिकाने पेढे वाटले. रामाजीनेही एक खाल्ला.

लकडगंजात ही गोष्ट वाऱ्यासारखी गेली. सुरुवातीला तो रविवारी तिकडे जायचा, जुन्या सवयीने एखाद्या ओंडक्यावर तळवा ठेवायचा. एकदा कोणीतरी म्हणालं, "अरे, त्याले नका विचारू, त्यानं सरकारले लिहून देल्लं आहे का मले लाकूड समजत नाही म्हणून." सगळे हसले. वाईट मनाने हसले नाहीत, पण हसले. रामाजीही हसला आणि पुन्हा तिकडे गेला नाही. शेजारीपाजारी दाराची बिजागरी नाही तर खाटेचा पाय घेऊन येत, तेही हळूहळू थांबलं. चौकीदाराला कोण दार बसवायला सांगतं? क्वार्टर मिळालं, तिथलं दार पावसाळ्यात चिकटायचं. खात्याचा सुतार येऊन ते तासून जायचा, इतकं तासायचा की हिवाळ्यात त्यातून वारा यायचा. रामाजी खाटेवर बसून बघायचा. गोपिकाने एकदा म्हटलं, "तुम्हीच करा ना जी." तो म्हणाला, "माहं काम नाही ते."

अकरा वर्षं अशी गेली. एक्याऐंशी साली क्लबाला पुन्हा लाकडाची जमीन करायची हुक्की आली. आता शाखेचा मोठा साहेब श्रीधर होता. केस विरळ झालेले, आवाजात वजन आलेलं. काम वसंत नावाच्या मिस्त्रीला दिलं, तिशीतला, चांगल्या हाताचा. रामाजीने पहिल्याच दिवशी दारातून पाहिलं आणि पाहतच राहिला, कारण भिंतीपाशी फट होती. सरळ, दोन बोटं.

महिनाभर तो दारात बसून ते काम बघत राहिला. आत जायला त्याला बंदी नव्हती, पण तो गेला नाही. शेवटच्या आठवड्यात श्रीधर साहेब पाहणीला आले, बरोबर चार नवे ओव्हरसियर. साहेब फटीपाशी उकिडवे बसले आणि समजावून सांगायला लागले. वैशाखातलं लाकूड, आषाढातलं लाकूड, पट्टी भिंतीला ठोकायची, फळीला नाही. शब्द तेच. रामाजी खुर्चीवरून उठून दारात उभा राहिला. त्याला वाटलं, आता साहेब इकडे बघतील. आता सांगतील, हे मला कोणी शिकवलं.

साहेबांनी खरंच इकडे बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा अवघडल्यासारखा झाला. मग एक ओव्हरसियर म्हणाला, "सर, या हॉलची जमीन मागे उखडली होती ना?"

"हो," श्रीधर साहेब म्हणाले. "तेव्हा आपल्याकडे कोणाला हे माहीत नव्हतं. हा आमचा रामाजी तेव्हा सुतार होता, त्यानेच फट बुजवली होती." ते किंचित हसले. "काय रामाजी, तेव्हा तुला ठाऊक नव्हतं ना?"

चार नवे चेहरे त्याच्याकडे वळले. वसंत मिस्त्रीही हातातला रंधा थांबवून बघायला लागला. निवृत्तीला सात वर्षं होती. पण खरं सांगायचं तर रामाजीच्या मनात तेव्हा निवृत्तीही आली नाही आणि गोपिकाही आली नाही.

"नाही साहेब," तो म्हणाला. "ठाऊक नव्हतं."

सहीच्या वेळी कागद फाटला होता. आज शब्द असे सरळ निघाले, जसा कोणी वेळ विचारला आणि त्याने सांगितली. साहेब पुढे निघून गेले. रामाजी तिथेच उभा राहून आठवायचा प्रयत्न करत होता की आपल्याला ते खरंच ठाऊक होतं का, आणि त्याला नक्की सांगता येईना.

वसंतला म्हाताऱ्याची दया आली असावी. तो हात पुसत जवळ आला. "काका, त्याच्यात वाईट वाटून घ्यायचं नाही," तो म्हणाला. "हे पहा, पाणकळा लागला का लाकूड ओल ओढते अन् फुगते. म्हणून भिंतीपाशी जागा सोडा लागते. समजलं?"

रामाजीने फटीकडे पाहिलं, मग वसंतकडे.

"असं असते काय?" तो म्हणाला.